निळं कडं

केळझरच्या गणपतीला जीपमधूनच हात जोडायचे आणि मग गिअर टाकायचा, ही ड्रायव्हर राकेशची जुनी सवय. त्या दिवशीही त्याने तेच केलं. मागे पौर्णिमा मांडीवर तपासणीची पेटी धरून बसली होती. याने आज जरा जास्त वेळ हात जोडावेत, असं तिला वाटत होतं. रस्ता जितका लांबेल तितका तिला हवाच होता.

सालईटोल्याच्या त्या छोट्या वस्तीला तोंड दाखवायची तिची तयारी नव्हती. पण सकाळी तिच्या वरिष्ठ डॉक्टर माधवी मॅडमनी बोलावून सांगितलं, "तुझ्या टोल्यातली एक मुलगी खोकतेय म्हणे. आशाताईंचा फोन होता. तूच जाऊन ये, तुला ओळखतात ती माणसं." ओळखतात, हेच तर दुखणं होतं.

पौर्णिमा अल्लीपूरची. वर्ध्याच्या एका संशोधन केंद्रात क्षयरोगावर काम करायची. रोग्याच्या घरात राहणाऱ्या माणसांच्या अंगात जंतू शिरला, तर शरीर त्याला काय जाब देतं, हा तिचा विषय. त्यासाठीची एक तपासणी फार जुनी आणि साधी आहे. डाव्या हाताच्या आतल्या अंगाला कातडीत औषधाचा थेंब टोचायचा आणि भोवती निळ्या बॉलपेनने कडं काढायचं. शरीराची त्या जंतूशी गाठभेट झालेली असेल, तर दोन-तीन दिवसांत तिथे कडक फुगवटा येतो. मग टोचणाऱ्याने परत जायचं, पेनचं टोक बाहेरून आत सरकवत फुगवट्याची कड शोधायची, पट्टी लावून मापायचं. मोठा निघाला तर आजार डोकं वर काढण्याआधीच गोळ्या सुरू करायच्या. वेळेत गेलं नाही तर तो आपोआप बसतो. शरीर काय म्हणत होतं ते मग कोणालाच कळत नाही.

श्रावणात ती सालईटोल्याला आली होती तेव्हा म्हातारा जंगू जिवंत होता. टोल्यातला रोगी तोच, त्याची औषधं चालू होती, त्यामुळे त्याला टोचायचं कारण नव्हतं. त्याच्या घरची आणि शेजारपाजारची माणसं तपासायची होती. जंगूची एक रीत होती. स्वतःच्या घरात शिरतानाही दाराबाहेर थांबून दोनदा खाकरायचा, मगच आत यायचा. आत सुना-लेकी असतात, म्हणायचा. तसा खाकरत आला, तर पोरं सुईला भिऊन माच्याखाली दडलेली. म्हाताऱ्याने पौर्णिमाच्या हातातलं पेन घेतलं आणि आपल्याच हातावर गोल काढला. हात कापरा. गोलाची दोन टोकं जुळलीच नाहीत.

"हे पाहा, माह्यं बी झालं. या रे पोट्टेहो," तो म्हणाला. पोरं हसत बाहेर आली. त्याने पेन परत दिलं आणि सगळ्यांना टोचून झाल्यावर सहज विचारलं, "आन बाई, तुमच्या हातावर कोन टोचते?"

"मला कशाला, आजोबा? मी तर टोचणारी."

"तसं नाई. तुमचं कोन पाह्यते मंग?"

पौर्णिमा हसली. निघताना तिने सगळ्यांना बजावलं, "मी येऊन पाहीपर्यंत खाजवायचं नाही, चोळायचं नाही, काही लावायचं नाही. मी येणार म्हणजे येणारच."

आणि ती गेली नाही.

नाल्याला पूर आला होता, असं तिने केंद्रात सांगितलं. पूर होता हे खरं, पण धरणाकडून दुसरी वाट होती आणि राकेश न्यायलाही तयार होता. खरी गोष्ट एवढीच की, मापायच्या दुसऱ्याच दिवशी दिल्लीची मोठी माणसं येणार होती, तिला त्यांच्यासमोर बोलायचं होतं, आणि नव्या साडीवरचा ब्लाउज देवळीच्या शिंप्याकडे अडकला होता. ती देवळीला गेली. ब्लाउज झकास बसला. संध्याकाळी तिने संगणकावर सालईटोल्याच्या प्रत्येक नावापुढे शून्य टाकलं. रोग्याच्या घरात राहूनही या माणसांच्या शरीरात काहीच उठत नाही, असं ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. दिल्लीकरांनी टाळ्या वाजवल्या. त्याच मुद्द्यावर तिचा पुढचा सगळा अभ्यास उभा राहिला. दिवाळीत जंगू वारल्याचं कळलं, तेव्हाही ती गेली नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

टोल्याशी जीप थांबली. राकेश रेडिएटरसाठी पाणी आणायला विहिरीकडे गेला. पौषातलं कोवळं ऊन होतं. तुरीच्या शेंगांचे ढीग अंगणात वाळत पडले होते. पण नेहमीचा गलका नव्हता. माणसं आपापल्या ओसरीवर बसलेली, आणि प्रत्येकाचा डावा हात मांडीवर, तळवा वर करून ठेवलेला.

जंगूची सून बायजा एका हाताने अंगण झाडत होती. डावा हात तिने अंगापासून लांब धरला होता, ओल्या भांड्यावरचा रंग पुसू नये म्हणून धरतात तसा.

"या बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आल्या एकदाच्या. खाजून खाजून जीव गेला, पन कोनी हात नाई लावला."

पौर्णिमाने तिचा हात पाहिला. मनगटाच्या वर, कातडीवर लालसर, तुकतुकीत फुगवटा होता. भोवती निळं कडं. कड्याशेजारी घराचा आकडा, पौर्णिमाच्याच वळणाचा, मधली रेघ जरा तिरकी मारायची तिची सवय होती तशीच.

तिचं डोकं भराभर कारणं शोधू लागलं. किडा चावला असेल. दुसऱ्या कुठल्या पथकाने पुन्हा टोचलं असेल. हीच माणसं रोज पेन फिरवत असतील. तिने अंगठा कड्यावरून फिरवला. शाई ओली होती. अंगठा निळा झाला.

"हे कधीचं आहे, बायजा?"

"कधीचं म्हंजे? तुमीच तं केलं. श्रावनातलं."

"इतके दिवस राहत नाही गं हे. बसून जातं."

"तुमी म्हनलं व्हतं ना, मी पाहीपर्यंत," बायजा म्हणाली. तिला त्यात नवल वाटत नव्हतं.

माणसं उठून आली आणि ओळीने उभी राहिली. पौर्णिमाला तिथून पळून जावंसं वाटलं. पण हाताला सवय होती. तिने पेन काढलं, बायजाच्या हातावर टेकवलं आणि बाहेरून आत सरकवत नेलं. कडेशी ते अडलं. दुसऱ्या बाजूनेही अडलं. पट्टी लावली. फुगवटा लहानच होता, काळजीचं काही नव्हतं. तिने तसं सांगितलं.

बायजाने मोठा श्वास सोडला आणि हात खाली घेतला. हात सपाट होता. कडंही नव्हतं. साधा, उन्हाने रापलेला हात.

पौर्णिमाने पुढचा हात घेतला. मग त्याच्या पुढचा. ती मापायची, मोठ्याने सांगायची, आणि माणूस हात झटकून मोकळा व्हायचा. एक म्हातारी तर कोपरापर्यंत कचकचून खाजवत, समाधानाने हसत घरात गेली. कोणी जाब विचारला नाही. कोणी एक शब्द बोललं असतं, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. ही माणसं तिच्या एका वाक्यासाठी इतके महिने हात जपत बसली होती, आणि ती ब्लाउज आणायला गेली होती. लाजेने तिचे कान तापले. तिला कोणाच्याही तोंडाकडे पाहवेना, म्हणून ती फक्त हातांकडे पाहत राहिली.

शेवटी बायजाने आपली मुलगी पुढे केली. स्वीटी, दुसरीतली. श्रावणात गुबगुबीत होती. आता गळ्याची हाडं वर आलेली. ती खोकली आणि मुकाट्याने हात पुढे केला.

तिचा फुगवटा सगळ्यांत मोठा होता. पेन लांबूनच अडलं. पट्टी लावायचीही गरज नव्हती. जंतू श्रावणातच या पोरीच्या अंगात होता, आणि शरीर ते ओरडून सांगत होतं. तेव्हा गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर आज हा खोकला नसता.

आणि हे मोठ्याने म्हटलं की, तिचा सगळा अभ्यास खोटा ठरत होता.

"काही नाही," पौर्णिमा म्हणाली.

स्वीटीने हात खाली घेतला. तिथे पाहिलं. पुन्हा वर धरला.

फुगवटा होता तसाच होता. कडंही होतं.

"नीट पाहा बाई," बायजा हळूच म्हणाली. "गेला नाई."

पौर्णिमाने पुन्हा पेन टेकवलं. ते पुन्हा लांबूनच अडलं. आजूबाजूला कोणी हललं नाही.

"मोठा आहे," ती शेवटी म्हणाली. "तेव्हाच मोठा होता. मी आले नाही, बायजा. काही नाही असं लिहून टाकलं."

तिच्या डोळ्यांदेखत लाली विरली, कातडी सपाट झाली. निळी रेघ आधी फिकट, मग दिसेनाशी. स्वीटी हात खाजवत आईच्या मागे गेली.

"मामाजीले म्हाईत व्हतं," बायजा म्हणाली. जंगूला ती मामाजी म्हणायची. "जाता जाता म्हनत व्हते, बाई लाजली असंन, म्हनून येऊन नाई राह्यली. तिले बोलू नोका."

दोघी मायलेकी जीपमध्ये बसल्या. राकेशने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "काऊन मॅडम, तब्येत बरी हाये ना?" "चल, वर्ध्याला," ती म्हणाली.

वर्ध्याला दुपारी स्वीटीच्या छातीचा फोटो काढला. छातीत डाग होता. माधवी मॅडमनी औषधं लिहून दिली आणि बायजाला धीर दिला, पोरगी बरी होईल, पण दिवस लागतील. मग त्या पौर्णिमाकडे वळल्या.

"मला एक कळत नाही. श्रावणात हिच्या हातावर काहीच उठलं नव्हतं ना? तूच पाहिलं होतंस."

स्वीटीचा हात टेबलावर होता, स्वच्छ आणि सपाट. टोल्यावर जे झालं त्याचा पुरावा पौर्णिमाच्या जिभेपलीकडे कुठेच उरला नव्हता. बायजा दाराशी उभी होती. एक वाक्य, फक्त एक. टोल्यावर तर निघालं होतं तोंडातून.

"नव्हतं उठलं, मॅडम," पौर्णिमा म्हणाली.

बायजाने तिच्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, डाव्या हाताकडे. मग पोरीला घेऊन औषधांच्या खिडकीकडे गेली.

बेसिनवर हात धुताना पौर्णिमाला खाज सुटली. तिने डावी बाही वर केली. मनगटाच्या वर सुईने टोचल्याचा एवढासा ठिपका होता. भोवती निळं कडं होतं, ओलं. कापऱ्या हाताने काढलेलं. त्याची दोन टोकं जुळत नव्हती.

तिने साबण लावला. दगडाने घासलं. स्पिरिट ओतलं. हात लाल झाला, कडं हललं नाही. ठिपक्याभोवती मात्र कातडी हळूहळू वर येऊ लागली.

वर्ध्यातल्या आपल्या खोलीवर जाऊन तिने स्वतःच मापायचा प्रयत्न केला. बोटाला फुगवटा दगडासारखा लागत होता, पण पेन त्यावरून सरसर निघून जायचं, कुठेच अडायचं नाही. मॅडमच्या केबिनपर्यंत ती रोज जायची. आत जायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि परत यायची. रोज फुगवटा थोडा मोठा व्हायचा. मग तिने खाजवणं सोडलं. साबण सोडला. हात अंगापासून लांब धरून ती चालू लागली.

रविवारी ती अल्लीपूरला गेली. सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. आई, सुलोचनाबाई, तांदूळ निवडत होती. पौर्णिमा तिच्याजवळ खाटेवर बसली, डावी बाही वर सरकवलेली, तळवा वर.

"काऊन बसली वं अशी, हात उघडा टाकून?" आईने विचारलं.

"असंच."

"कोनाची वाट पाहून राह्यली का?"

आई, मी खोटं बोलले, एवढं तरी आईला सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं.

तेवढ्यात फाटकाबाहेर कोणीतरी खाकरलं. थांबलं. पुन्हा एकदा खाकरलं.

आईने सूप बाजूला ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या जी, आत या," ती फाटकाकडे पाहत अदबीने म्हणाली. मग आवाज खाली आणून पौर्णिमाला म्हणाली, "कोन बुढा आला पाय तं. तुह्याच ऑफिसातला दिसते. हातात पेन हाये त्याच्या."