दिवा लागला म्हणजे ऐकू आलं

चष्मा आणायला गेला होता तो, बाकी काही नाही, काकांनी सुरुवात केली. ऐकायला पुतणे अंधारात गोळा होऊन बसले होते. माणूस काकांच्या चांगला ओळखीतला, कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करायचा. नोव्हेंबरातली रविवारची रात्र, पावणेबारा वाजलेले. सकाळी कोर्टात साक्ष, आणि चष्मा दवाखान्यात राहिलेला.

"कानावरच असेल की," थोरला पुतण्या म्हणाला. काका हसले नाहीत.

एका शिक्षिकेच्या उजव्या कानाचं ऑपरेशन त्याच दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या हातून बिघडलं होतं. कान कायमचा गेला, पाठोपाठ नोकरी. बाईंनी दावा लावला. तो चालू असतानाच मागून उजव्या बाजूने आलेल्या ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही, आणि त्या जागीच गेल्या. आता त्यांची लेक लढत होती. डॉक्टर म्हणत, कान आधीपासूनच बहिरा होता. ऑपरेशनआधी तो तपासला होता यानेच, आणि कान ठणठणीत होता. पण डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून समजावलं होतं, बाबा रे, तुला दोन लेकरं आहेत, एक वाक्य बोल आणि मोकळा हो.

तपासणी अशी असते. बाहेरचा आवाज आत जाणार नाही अशा बंद खोलीत पेशंटला बसवायचं. कानांना हेडफोन, हातात बटण. बारीकसा आवाज आला की त्याने बटण दाबायचं. मग बाहेर यंत्रावर दिवा लागतो.

चष्मा टेबलावरच होता. यंत्र चालू राहिलेलं. तो खुर्चीत टेकला. म्हटलं, वाक्य एकदा घोकून घ्यावं.

"बाईंना उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं."

दिवा लागला.

वायर खराब असेल. काचेतून आतली खुर्ची दिसत होती. रिकामी. दार घट्ट बंद.

तो पुन्हा बोलला. कुजबुजत.

दिवा लागला.

मग तो बोललाच नाही. ओठही हलवले नाहीत. नुसतं मनात म्हटलं... बाईंना...

काका थांबले. पुतणे आणखी जवळ सरकले.

दिवा लागला. विझेचना.

तो पळाला, चष्मा तिथेच टाकून. सकाळी वकिलाने विचारलं, तेव्हा डॉक्टर समोर बसले होते. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "बाईंना ऐकू येत होतं. अगदी बारीकसुद्धा."

संध्याकाळी नोकरी गेली. सामान घ्यायला तो परत गेला. दोन दिवस दवाखाना बंदच होता, कुणाची तपासणी झालेली नव्हती. यंत्र बंद. दिवा विझलेला. त्याने चष्मा उचलला. जाता जाता, का कोण जाणे, आतल्या खोलीचं दार उघडलं. हेडफोन खुंटीवर होता. त्याने हात लावला.

डाव्या कानाची गादी गार होती.

उजव्या कानाची... गरम. आत्ताच कुणीतरी काढून ठेवल्यासारखी.