पाचवं सलाईन

चैताली, उद्यापासून त्या ड्रिप सेंटरला रुजू होणार म्हणतेस ना? हो बापडी. पण आधी हे ऐक. काका म्हणून नाही, तीस वर्षं वॉर्डात ब्रदरची नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो. तुझ्या मैत्रिणींनाही मोबाईल खाली ठेवायला सांग. गच्चीवरचा दिवा राहू दे बंद.

शकू सिस्टर आणि मी बावीस वर्षं एकाच वॉर्डात होतो. निवृत्तीनंतर तिने असल्याच एका सेंटरचं काम धरलं. घरोघरी जाऊन सलाईन लावायचं. पिवळसर पाणी, बाटलीवर नुसता नंबर. तिने तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं, "यात आहे काय? याने कुणी बरं झाल्याचा कागद तरी आहे का?" डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही शीर शोधा. बाकीचं आम्ही शोधतो."

वारज्याला हिंमतराव म्हणून एक गृहस्थ राहायचे. बायको कधीच गेलेली. घरात ते आणि एकोणीस वर्षांची मुलगी, सृष्टी. तिच्या हातापायांतली ताकद महिन्यामहिन्याने जात होती. मोठ्या हॉस्पिटलने हात टेकले, तेव्हा ते या सेंटरकडे वळले. सहा सलाईनं ठरली. चार शकूने लावली. दर वेळी हिंमतराव दारापर्यंत यायचे. "फरक पडंल ना?" शकू म्हणायची, "पडेल." त्या माणसाच्या तोंडाकडे बघून नाही म्हणणं मलाही जमलं नसतं.

गेल्या वर्षी, सोळा ऑक्टोबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी वसुबारस. रात्री पावणेदहाला हिंमतरावांचा फोन आला. "आत्ता या. पोरीला जास्त झालंय." शकूने बाटली पिशवीत टाकली आणि कर्वेनगरहून स्कूटर काढली.

दार उघडंच होतं. सृष्टी पलंगावर, डोळे मिटलेले. शकूने मनगट धरलं. मग मान चाचपली. मग पापणी उचलून टॉर्च मारला.

तासभर तरी झाला होता.

"हिंमतराव..."

"लावा."

"अहो, ती गेलीये."

"हात गरम हाय अजून. मीच धरून बसलोय ना. लावा सिस्टर. तुम्हीच म्हणला होता, फरक पडंल."

साठीचा माणूस. त्याने शकूचे पाय धरले.

शकू मला म्हणाली, "ब्रदर, मला वाटलं, टोचते सुई. आत काही जाणार नाही. ते डोळ्यांनी बघतील, तेव्हा मानतील."

तिने शीर शोधली. सुई लावली. नळीवरचं चाक सोडलं.

एक थेंब पडला.

दुसरा.

मग भराभर...

गेलेल्या माणसाच्या शिरेत सलाईन असं सरसर जात नाही, पोरींनो. हात फुगायला हवा. फुगला नाही.

"बघा!" हिंमतराव ओरडले. "घेतीय ती! घेतीय!"

शकूने चाक आवळलं. थेंब चालूच. नळी दुमडून मुठीत दाबली. चालूच.

आणि मग...

"सिस्टर."

सृष्टीचे ओठ हलले नव्हते.

"पुरे."

हिंमतरावांनीही ऐकलं. ते मागे सरत भिंतीला टेकले.

शकू त्यांच्याकडे वळली. "याने कुणाला गुण आलेला मी कधी पाहिला नाही, हिंमतराव. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी पडेल म्हणत राहिले."

थेंब थांबला.

हिंमतराव परत पलंगाशी आले. मग म्हणाले, "काढा ती सुई. दुखत आसंल तिला."

शकू रात्रभर तिथेच बसून राहिली. सकाळी स्मशानातही गेली. दुपारी घरी येऊन आंघोळीसाठी बाही वर सारली, तर डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा. वर चिकटपट्टी, नीट बसवलेली. खाली सुईची ताजी खूण.

संध्याकाळी मी स्वतः पाहिली. पट्टीवर पेनने वेळ घातलेली होती, आपण वॉर्डात घालतो तशी.

अक्षर शकूचं नव्हतं.