पांढरा बिल्ला, एकवीस नंबर

हे घडलेलं आहे. ज्याला चेष्टा वाटते त्यानं इथंच थांबावं.

रात्रबित्र नव्हती. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार, सकाळचे सात. गोकुळ शिरगावच्या मागं एक पत्र्याचं शेड. जंतांच्या नव्या औषधाची मेंढरांवर चाचणी चालायची तिथं. आधी मुद्दाम जंत पाजायचे. मग बारा मेंढ्यांना औषध, गळ्यात पिवळा बिल्ला. बारांना काहीच नाही, पांढरा बिल्ला. शेवटी सगळ्या कापायच्या आणि पोटातले जंत मोजायचे.

राखणीला केरबा. पिढीजात मेंढपाळ. रोज सातला प्रत्येकीच्या लेंड्या पुडीत भरून नंबर घालायचा. प्रेरणा मॅडम मायक्रोस्कोपखाली त्यातली अंडी मोजायच्या.

जुलैत पिवळ्या बिल्ल्याची एक मेंढी बसली ती उठेना. केरबानं तिची खालची पापणी ओढली. आत पांढरंफट्ट. जंतांनी रक्त संपवलेलं.

म्हणजे औषध लागू पडत नव्हतं.

औषध कंपनीचे विजयसिंह साहेब म्हणाले, "ही पिवळ्या बिल्ल्यात मेली तर औषध मेलं. पांढऱ्यातली एकवीस नंबर धडधाकट हाय. तिचा बिल्ला हिला घाल."

"मग खरं कवा लिवायचं, साहेब?"

"खरं लिवायचा पगार देतो व्हय तुला?"

केरबानं बिल्ले बदलले. दोरी तुटली, म्हणून आपल्या घोंगड्याचा काळा धागा ओढून बांधला. संध्याकाळी मेंढी मेली. कागदावर लागलं, औषध न दिलेली, मृत.

पुढं बाकीच्या कापल्या. शेड धुतलं. रिकामं झालं.

आणि त्या शनिवारी...

एकवीसच्या खणात लेंड्या पडल्या होत्या. अजून गरम.

सवयीनं केरबाच्या हातानं पुडी भरली. नंबर घातला.

तेवढ्यात मागून आवाज आला. कर्र... कर्र...

दुखणाईत मेंढी दात खाते तसा.

मागं कुणी नव्हतं.

मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. "केरबामामा, अंडीच अंडी आहेत. या लेंड्या कुठनं आणल्या?"

"एकवीसच्या खणातनं."

"ती जुलैतच गेली की."

रविवारीही तेच. सोमवारीही.

केरबाचा जीव मात्र बहिणीच्या गावी, कोडोलीत अडकला होता. साहेबांनी खुशीनं दिलेली औषधाची बाटली त्याची बहीण चिमणाबाई मागून घेऊन गेली होती. अठरा मेंढरं, त्यावरच तिचं घर. नको म्हणायचं तर बिल्ल्याचं सांगावं लागलं असतं. केरबा गप्प बसला. भित्रा कुठला.

मंगळवारी खण कोरडा होता. लेंडी नाही. आवाज नाही.



फोन वाजला.

"दादा, मघाधरनं मोजतीया. अठराची एकोणीस भरत्यात. एक आगाऊ हाय. गळ्यात पांढरा बिल्ला... काळ्या लोकरीनं बांधलाय. आपल्या घोंगड्याची वाटतीया."

"चिमणे, औषध पाजलंस?"

"पाजलं की. पंधरा दिस झालं."

"पापण्या बघ."

"त्या आगाऊ मेंढीच्या?"

"आपल्यांच्या."

चिमणाबाई फोन हातात घेऊनच मेंढरांत शिरली.

मग... कर्र... कर्र...

तो आवाज एकीचा नव्हता.

केरबा आता कोडोलीतच असतो. कुणाशी बोलत नाही. साहेबांनी नवी गाडी घेतली. औषध दुकानात मिळतं.

तुमच्या दारात मेंढरं असतील तर उद्या सकाळी एकदा मोजा.