मे महिन्यातली चादर

रात्रपाळी करून संघप्रिया गल्लीत शिरली आणि तिचा पाय वायरीत अडकला. तोल गेला, समोरून येणाऱ्याला धक्का बसला, आणि त्याच्या हातातला चहा त्याच्याच पांढऱ्या शर्टावर सांडला.

"वायर कुणाची हाय ही?"

"माझीच..."

"मग बरं झालं."

हा प्रदीप. होळीनंतर कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीहून आलेला. खाजाभाईच्या हॉटेलाशेजारचा गाळा भाड्यानं घेतला, त्यात डॉल्बी रचला, आणि रोज सकाळी 'हॅलो... चेक... चेक...' करून सगळी गल्ली उठवायला लागला. गल्लीतले बाकीचे लोक सकाळी उठायचे, त्यांचं चालून जायचं. संघप्रिया मात्र दवाखान्याच्या लॅबमधून येऊन त्याच वेळी झोपायची. तिची उशी बेसच्या ठोक्यावर नाचायची.

"तुमाला एक आठवडा गप बसायला जमतं का ओ?" तिनं विचारलं.

"मी गपच असतो की. मशीन बोलतं."

"मग मशीनला गप बसवा. न्हाय जमणार तुमाला!"

"जमलं तर?"

खाजाभाईला अशा वेळी किटली खाली ठेवायची असते हे कुणी सांगायला लागत नाही. "लगाव शर्त!" तो ओरडला. बाकड्यावरचे चार रिकामटेकडे उठून उभे राहिले. मिनिटाच्या आत कलमं ठरली. येत्या रविवारी दुपारी बारा वाजेपर्यंत प्रदीपचं मशीन गल्लीत वाजायचं नाही. वाजलं तर तो हरला, नाही वाजलं तर ती. आणि हरणाऱ्यानं भर दुपारी चौकात, अंगावर सोलापुरी चादर गुंडाळून, खाजाभाईचा उकळता चहा प्यायचा. तेही आमच्या सोलापुरात, मे महिन्यात! त्या दिवसांत इथं कावळासुद्धा सावली बघून उडतो, तिथं चादर म्हणजे चेष्टा नाही.

"कबूल?" संघप्रियानं भुवया उडवल्या.

"हौदु," प्रदीप म्हणाला. गडबडला की त्याच्या तोंडून कन्नड सुटायचं. मग लाजून म्हणाला, "म्हंजे... व्हय."

ती हसू दाबून घरी गेली. त्या सकाळी गल्ली इतकी शांत होती, की तिला लगेच झोप लागली.

उठली ती तापानं फणफणून. दुसऱ्या दिवशी पाठीवर पुरळ, तिसऱ्या दिवशी तोंडभर. कांजिण्या! वहिनीला सातवा महिना, त्यामुळं डॉक्टर म्हणाले, एका घरात राहा, पण एका हवेत नको. गच्चीवरच्या खोलीत संघप्रियाची रवानगी झाली. शेजारची केराबाई लिंबाचा पाला घेऊन आली. "आई आलीया गं पोरीच्या अंगात. घरात फोडणी देऊ नगासा."

"आमच्या घरात आई एकच," संघप्रियाचे वडील हणमंतराव म्हणाले, "आन् ती फोडणीबिगर जेवायला वाढत न्हाय." संघप्रियाच्या आईनं, मीनाबाईंनी, डोळे वटारले. पाला मात्र ठेवून घेतला. गार असतो म्हणून.

गच्चीवर ताट दाराबाहेर यायचं. आई दहा पावलांवरून बोलायची. बाकी दिवसभर भिंती, पंखा आणि खाज. आरसा तिनं पालथा घालून ठेवला होता. आणि शांतता... जी तिनं स्वतः पैजेवर मागून घेतली होती, ती आता उशाशी बसून तिच्याकडं टकामका बघायची.

तिला कळेना, नक्की काय हरवलंय. मग एका दुपारी कळलं. लहानपणापासून ती मागाच्या आवाजात झोपलेली. घरामागं चादरीचा कारखाना, वडील तिथंच माग चालवायचे. खटाक्-खट, खटाक्-खट... गेल्या दिवाळीला कारखाना एमआयडीसीत गेला आणि घरामागचं सगळं मुकं झालं. दोन महिने प्रदीपच्या डॉल्बीनं ती पोकळी भरून काढली होती. आणि ती त्याच्यावर चिडत होती, वेडी!

त्याच संध्याकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर.

'मी प्रदीप. नंबर तुमच्या पप्पांनी दिला. बाप म्हणून देतोय, असं तीनदा बोलले. गाणी पाठवू का?'

'पैज?' तिनं लिहिलं.

'खाजाभाईला विचारलं. ते म्हणतात रस्त्यावर वाजलं तरच हरलो. फोन चालतो.'

'कानात फोड आलेत. इयरफोन जात नाहीत.'

'मग फोन उशीजवळ ठेवा. मी आवाज बारीकच ठेवलाय.'

पहिली प्लेलिस्ट आली. नाव होतं 'खाज विसरायची गाणी'. नाव वाचूनच ती हसली, आणि हसताना ओठावरचा फोड दुखला. दोन जुनी गाणी झाली, आणि तिसऱ्या जागी गाणं नव्हतंच. उंचावरून किटलीतून ग्लासात पडणारा चहा. बारीक धार, जाड धार, वर फेस... आणि मागून खाजाभाईचं, "अर्रे, उधार किती पिताय रे!"

संघप्रिया उठूनच बसली.

दुसऱ्या दिवशी 'दुपार ढकलायची गाणी'. त्यात कडबोळी विकणाऱ्याची सायकलची घंटी. तिसऱ्या दिवशी दोन गाण्यांच्या मध्ये भाकरी थापायचा आवाज. थप्-थप्, परातीत फिरणारी भाकरी, आणि एक बाई नकळत गुणगुणतेय... शब्द नाहीत, नुसता सूर. आईचा आवाज तिला ओळखायलाच वेळ लागला. आई गाते? ह्या घरात जन्म गेला, कधी ऐकलं नव्हतं! जिला ती आयुष्यभर कटकट समजत आली, ती गल्ली कुणीतरी तळहातावर घेऊन, पुसून, तिच्या उशीशी ठेवत होतं. आणि हा माणूस म्हणे गोंगाट करतो!

ऐकून झालं की ती गच्चीच्या कठड्यावर स्टीलचा ग्लास चमच्यानं वाजवायची. टिंग. म्हणजे पोचलं. खाली गाळ्याच्या शटरवर एक टिचकी उमटायची. म्हणजे कळलं. बस्स, तेवढंच. पण त्या टिचकीसाठी ती दुपारपासून ग्लास हातात घेऊन बसायला लागली.

'आईला कसं गायला लावलंत?' तिनं विचारलं.

'लावलं नाही. भाकरी मागायला गेलो. त्या शिव्या देत थापायला लागल्या. शिव्या संपल्यावर गाणं आलं.'

शनिवारी ट्रान्सफॉर्मर उडाला. लाइट गेली ती गेलीच. पंखा बंद, फोन मेला. रविवार उजाडला तरी लाइटचा पत्ता नाही. खोलीत नुसती भट्टी. अंगावरचे फोड एकाच वेळी जागे झालेले, खाली कुणाशी बोलावं तर घशाला कोरड. संघप्रिया खचली. गुडघ्यात डोकं घालून रडली. मग कठड्याशी आली, ग्लास घेतला आणि वाजवायला लागली. आज 'पोचलं' म्हणून नाही. खट-खटाक्, खट-खटाक्... तिच्याच नकळत हात मागाच्या तालात पडत होता.

खाली टिचकी वाजली नाही. शटर वर गेल्याचा आवाज आला. मग जनरेटर धडधडला. कुणीतरी तो लांब ओढून नेला, धडधड पुसट झाली...

आणि माग सुरू झाला.

डॉल्बीतून! पण किती हळू... झोपलेल्या पोराच्या छातीवर हात ठेवावा तितका हळू. खटाक्-खट, खटाक्-खट. त्यावर बासरी. बासरीखाली मीनाबाईंचं गुणगुणणं. गल्लीतली दारं उघडली. कारखाना गेल्यापासून मुके झालेले म्हातारे विणकर उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. केराबाईनं पदर डोळ्याला लावला. हणमंतराव मान हलवत होते. त्यांच्या स्वतःच्या मागाचा आवाज होता तो. प्रदीपनं त्यांच्याबरोबर एमआयडीसीत जाऊन, मागाशेजारी जमिनीवर पालथं पडून फोनमध्ये धरून आणलेला. ज्या भिंती दोन महिने थरथरायच्या, त्याच आता कान देऊन उभ्या होत्या.

संघप्रियाच्या अंगावर काटा आला. फोडांच्याही वर. तेवढ्यात खालून खाजाभाई ओरडला, "अरे दिवाने! बारा वाजायला चहा उकळंल एवढाच टाइम होता! थांबला असतास तर जिंकला असतास की!"

प्रदीपनं मान वर केली. ती पटकन कठड्याआड वाकली. तोंडावर फोड होते ना!

"ग्लास वाजला," तो खाली म्हणत होता. "मग कसं थांबायचं?"

आता पैज वसूल व्हायची होती. पण प्रदीप अडून बसला. "पैज त्यांच्याशी लागलीया. त्या आल्या तरच चादर."

खपल्या पडल्या, डॉक्टरांनी मोकळं सोडलं, तरी संघप्रिया खाली येईना. आरसा सुलटा केला तर गालावर डाग, कपाळावर डाग. ह्या तोंडानं त्याच्यासमोर जायचं? लांबून ग्लास वाजवणारी पोरगी वेगळी, ही वेगळी. त्याचा चेहरा पडला तर? एवढं नुसतं मनात आलं की ती आरसा परत पालथा घालायची.

शेवटी मीनाबाईच वर आल्या. लेकीच्या शेजारी टेकल्या. "तो ढोलबडव्या रोज दुपारी चौकात चादर काखंत मारून हुबा ऱ्हातो. घामाघूम. लोक हसत्यात. मला बघवत न्हाय बाई."

"तुला कवापासनं त्याची दया यायला लागली?"

"माझं गाणं एवढं बरं हाय, हे तुझ्या बापानं तरी कधी सांगितलं का मला?"

त्या दुपारी चौकात ऊन असं पडलं होतं, की डांबर चपलेला सोडत नव्हतं. प्रदीप मधोमध उभा. अंगावर लाल-निळी जाडजूड चादर, हातात वाफाळता ग्लास. भोवती सगळी गल्ली. संघप्रिया आली. तोंडावर ओढणी नाही, पावडर नाही. होती तशी.

त्यानं बघितलं. बघतच राहिला.

"काय बघताय? डाग?"

"मलाबी हाय," तो म्हणाला. डाव्या भुवईवरचा जुना खड्डा दाखवला. "लहानपणी दुधनीत झालत्या. तवा रेडिओ होता उशाला म्हणून जगलो."

"म्हणून गाणी पाठवत होता होय... आजारी माणूस म्हणून?"

"पहिल्या दिवशी तसंच. मग... टिंग वाजायला लागलं."

"आणि आता? ह्या डागांसकट?"

"हौदु."

"मराठीत सांग," ती म्हणाली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. गल्लीला मात्र कळलं. शिट्ट्या पडल्या.

"आवडतीस," प्रदीप म्हणाला. एवढा मोठा डॉल्बीवाला, पण आवाज असा, की पहिल्या ओळीतल्यांनाच ऐकू गेला.

"चहा पी आधी!" खाजाभाई गरजला. "शर्त म्हंजे शर्त!"

प्रदीपनं घोट घेतला. कपाळावरून घाम टपकला. संघप्रिया पुढं झाली, चादरीचं एक टोक उचललं.

"एकट्याची आणलीस की दोघांची?"

"एकट्याचीच... मला काय माहीत, तू..."

"मग जवळ सरक," ती म्हणाली आणि भर उन्हात चादरीत शिरली. त्याच्या हातातला ग्लास घेऊन उरलेला चहा तिनं संपवला, चादरीतून हात बाहेर काढून ग्लास उंच धरला आणि नखानं वाजवला.

टिंग.