अनवाणी आलेला शेवटचा

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मला खोटं पाडायला येऊ नका. मी ऐकून घेणारी नाही.

आमचं बूट दुरुस्तीचं दुकान युद्धस्मारकाच्या अगदी समोर आहे. आजोबांनी थाटलेलं. दुसऱ्या महायुद्धात ते आघाडीवर सैनिकांचे बूट दुरुस्त करायचे. त्यांची एक खूण होती. टाचेच्या लोखंडी नालेत मधोमध एक जास्तीचा खिळा.

"पोरं घसरू नयेत म्हणून," असं सांगायचे.

युद्धावरून परतले ते अनवाणी. स्वतःचे बूट त्यांनी एका जखमी पोराला दिले होते. थंडीने डाव्या पायाची करंगळी गेली ती तिथेच.

दरवर्षी स्मारकाच्या पायऱ्यांवर घरोघरच्या सैनिकांचे फोटो मांडतात. आमच्या आजोबांचा कधीच नाही.

या वर्षी आत्या हटून बसली. "माझे डोळे मिटायच्या आत बाबांचा फोटो तिथे दिसला पाहिजे."

स्मारक समितीचे सेक्रेटरी दुकानात आले. "तुमचे आजोबा लढले कुठे? खिळेच ठोकले ना?"

"त्या खिळ्यांवरच तुमचे लढवय्ये चालले," मी म्हटलं. "फोटो येणार. काय करायचं ते करा."

समारंभाच्या सकाळी दुकान उघडलं, आणि...

आजोबांची हातोडी खुंटीवर नव्हती.

कुलूप जसंच्या तसं होतं. बूट ठोकायच्या लोखंडी तिवईला सहज हात लावला... ती गरम होती.

"हल्ली उंदीरही बूट ठोकायला लागले वाटतं," मी आत्याला म्हटलं.

आत्या हसली नाही. मलाही आतून हसू येत नव्हतं.

आम्ही स्मारकापाशी गेलो. लख्ख ऊन होतं. पायऱ्या कोरड्या ठणठणीत. आत्याला खुर्चीत बसवून मी आजोबांचा फोटो वरच्या पायरीवर ठेवला. सेक्रेटरी लालबुंद होऊन तो उचलायला धावले.

"हात लावून बघाच," मी म्हटलं.

तेवढ्यात श्रद्धांजलीचं मौन पुकारलं गेलं. सेक्रेटरी फोटोकडे हात पुढे केलेल्या अवस्थेतच थांबले.

आधी पाखरं गप्प झाली.

मग झाडांची सळसळ थांबली.

आणि मग...

टक.

टक... टक...

नालेचा आवाज. तो मी झोपेतही ओळखेन. एका माणसाचा नव्हता. कितीतरी पाय, एका तालात, रस्त्याच्या टोकाकडून येत होते.

रस्ता रिकामा होता.

आवाज माझ्या खांद्याजवळून पुढे गेला. ओल्या मातीचा वास आला. कोरड्या पायऱ्यांवर चिखलाचे ठसे उमटू लागले... एकामागून एक. प्रत्येक टाचेच्या मधोमध तो जास्तीचा खिळा.

सगळे ठसे आजोबांच्या फोटोपाशी येऊन थांबले. सेक्रेटरींनी विस्तवाला हात लागावा तसा हात मागे घेतला.

मला वाटलं, संपलं.

पण मागून अजून कोणीतरी येत होतं. त्याच्या पावलांना टक नव्हती. नुसती थप... थप...

अनवाणी पावलं. डाव्या पायाच्या ठशात करंगळी नव्हती.

काठीशिवाय कधी न उठणारी आत्या ताडकन उभी राहिली.

"बाबा, अजून अनवाणीच?"

मौन संपलं, पाखरं परत ओरडू लागली. ठसे सगळ्यांनी पाहिले. सगळे येणारे होते. परत गेलेला एकही नव्हता.

आजोबांचा फोटो कोणी हलवला नाही. पुढेही कोणाची छाती होणार नाही.

दुकानात आले तर हातोडी खुंटीवर होती. मूठ ओली.

त्याच दिवशी मी आजोबांच्या मापाचे बूट शिवायला घेतले. आत्या शेजारी बसून होती. टाचेत तो खिळा तिनेच ठोकला.

तेव्हापासून ते बूट दुकानाच्या उंबऱ्याशी असतात. हललेले कधी दिसत नाहीत. पण त्यांचे तळवे झिजतात...

परवा जुना तळवा उपटला, तर आतून ओला चिखल निघाला. इथे महिनाभर पावसाचा थेंब नाही.

भीती वाटते का? वाटते. पण तळवे मी बदलतेच आहे, आणि बदलत राहणार. ते कुठे चालत जातात मला माहीत नाही. जिथे जायचं तिथे जावोत.

माझे आजोबा आता अनवाणी जाणार नाहीत.