‘सरकार’ या नावाने ठेवलेला नंबर

शिवणकाकूंना स्वतःचा नंबर सांगता आला नाही, इथून हे सगळं सुरू झालं.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्या दिवशी फारशी गर्दी नव्हती. काउंटरवरच्या मुलीने नाव लिहून घेतलं, वय लिहून घेतलं आणि मान वर न करताच विचारलं, “फोन नंबर?”

काकूंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जुना नंबर जिभेवर होता, पण तो फोन धुण्याच्या बादलीत पडून कामातून गेला होता. सिम परदेशातल्या मुलाच्या नावावर. त्याचे कागद कोण मागवणार, कोण वाट बघणार, म्हणून लेकीने घाईघाईत नवा फोन आणि नवं सिम आणून हातात ठेवलं होतं. नंबर तिने सांगितलाही होता. पण हल्ली काकूंच्या डोक्यात काही राहत नसे. दूध गॅसवर ठेवलं की उतू जाईपर्यंत आठवत नसे.

“घरी दुसरा फोन असेल ना?” मुलगी म्हणाली. “त्याच्यावर मिस कॉल द्या, दिसेल नंबर. पुढच्या वेळी सांगा, काही घाई नाही.”

काही घाई नाही, हे शब्द काकूंना फार बरे वाटले. कित्येक वर्षांत त्यांना असं कोणी म्हणालं नव्हतं. औषधाची घाई, बेडपॅनची घाई, ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आल्याची घाई. काका गेले आणि सगळी घाई एका दुपारी थांबली, पण अंगातला शीण काही गेला नाही. उलट बसून राहिल्यावर तो जास्तच जाणवायला लागला.

घरी आल्या तेव्हा ऊन उतरायचं होतं. जिना चढून त्या दोनदा टेकल्या. कुलूप काढून आत पाऊल टाकलं की अजूनही तोच वास यायचा, स्पिरिटचा आणि पाठीला चोळायच्या मलमाचा. काकांची खाट दवाखान्याला देऊन टाकली होती. खाटेचं उशाकडचं टोक जिथे भिंतीला टेकायचं, तिथे रंगाचा पोपडा निघून एक लांबट चट्टा उरला होता. काकू त्या चट्ट्याकडे पाठ करून बसत.

काकांचा फोन त्यांनी चालू ठेवला होता, कारण बँकेचे मेसेज त्याच्यावर यायचे. तो समोर ठेवून त्यांनी आपल्या नव्या फोनवरून काकांचा नंबर फिरवला. हा नंबर मात्र त्या कधी विसरल्या नव्हत्या.

काकांचा फोन थरथरला. पडदा उजळला. नंबर दिसेल म्हणून काकूंनी चष्मा सरसावला.

नंबर दिसला नाही. तिथे नाव आलं होतं. ‘सरकार’.

काकूंनी फोन कट केला. काकांच्या फोनचा पडदा विझला. त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

सरकार हे नाव जगात कोणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, त्या कपाळाला आठ्या घालून कापड बेतायच्या तेव्हा काका दारातून विचारायचे, “सरकार, चहाचा हुकूम आहे का?” चारचौघांत कधी नाही, पोरांसमोरही नाही. जुन्या नंबराला तर त्यांनी साधं ‘घर’ असं नाव दिलं होतं. ते अजून तसंच होतं. नावांच्या यादीत त्याच्या खाली कितीतरी अंतरावर हे ‘सरकार’, आणि त्यापुढे लेकीने चार दिवसांपूर्वी दुकानातून आणलेला नंबर.

काकांना जाऊन सहा महिने झाले होते.

काकूंनी लेकीला फोन लावला. ती कामावर होती, आवाज दबका.

“काय गं आई? बरं वाटत नाहीये का?”

“बरं आहे. एक विचारायचं होतं. हा माझा नंबर… तो नवाकोरा आहे ना?”

“नवाकोरा असा नसतो गं. बंद पडलेले नंबर कंपनी फिरवून दुसऱ्यांना देते. आधी कोणाचा तरी असणारच. का? कोणाचे फोन येतायत का?”

“नाही. सहज.”

“जेवलीस?”

“जेवले,” काकू म्हणाल्या. त्या जेवल्या नव्हत्या.

म्हणजे आधी कोणाचा तरी होता. काकू शहाण्या बाई होत्या, दोन अधिक दोन त्यांना करता येत होतं. खाटेला खिळलेला माणूस, आणि त्याच्या फोनमध्ये कोणी एक ‘सरकार’. त्यांना राग यायला हवा होता. पण राग यायलासुद्धा अंगात बळ लागतं. त्यांना फक्त इतकंच वाटलं की निदान दुसरं नाव तरी द्यायचं होतं, माझं कशाला दिलं.

त्यांनी कॉलची यादी उघडली. सहा महिन्यांत तो फोन कोणी वापरला नव्हता, त्यामुळे फार शोधावं लागलं नाही. सरकार, सरकार, सरकार. सगळे दुपारचे. दुपारी काकांना औषध देऊन, पाठीला उशी लावून काकू मागच्या खोलीत जरा आडव्या व्हायच्या, तीच वेळ. झोपेत त्यांना बाहेरच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू यायचं. टीव्ही असेल म्हणून त्या कूस बदलायच्या.

यादीच्या अगदी तळाशी, पहिला फोन काकांनी केलेला नव्हता. तो आला होता.

काकांना कमी ऐकू यायचं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं पुन्हा मोठ्याने लावून ऐकता यावं, म्हणून मुलाने परदेशी जायच्या आधी त्या फोनवर सगळी बोलणी आपोआप रेकॉर्ड होतील असं करून ठेवलं होतं. काकूंना ते आठवलं आणि न आठवतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. शेजारणीला ऐकू जायला नको. मग पहिल्या फोनवर बोट ठेवलं.

आधी नुसती खरखर. मग काकांचा धाप लागलेला आवाज. “हॅलो… कोण?”

“मी. ओळखलं नाहीत?”

काकूंनी फोन कानाशी नेला. आवाज त्यांचाच होता. सर्दी झाल्यासारखा थोडा बसका, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. तो आवाज रोज त्यांच्या घशातून निघत होता.

“अगं…” काका गोंधळले होते. “तू तर आत झोपलीयस. मला दिसतेयस इथून.”

“झोपू दे तिला,” तो आवाज म्हणाला. “दमते ती.”

काकूंनी ते तिथेच थांबवलं. खोलीत अगदी शांत होतं. खालच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला, पाणी बादलीत पडत राहिलं, आणि तो साधा आवाज ऐकून त्यांना रडू आलं.

तरी त्यांनी पुढचे ऐकले. न ऐकून कसं चालेल. काका दिवसेंदिवस त्या आवाजाला सरावत गेले होते. पुढच्या काही फोनमध्ये तर हसतही होते. काकूंसमोर त्यांना हसायला श्वास पुरत नसे. ते विचारायचे, तिकडे जिना आहे का, मला चढवणार नाही. आवाज म्हणायचा, नाही, सगळं एका पातळीवर आहे. ते विचारायचे, मग हिचं काय? आवाज म्हणायचा, तिची काळजी करू नका, मी आहे ना.

शेवटचं रेकॉर्डिंग त्या दुपारचं होतं. त्या दिवशी काकूंना गाढ झोप लागली होती. जाग आली तेव्हा काका गेलेले होते, आणि चेहरा इतका निवांत की डॉक्टर म्हणाले, काही त्रास झालेला दिसत नाही.

“ती झोपलीय ना?” काकूंचा आवाज काकांना विचारत होता.

“हो.”

“मग उठवू नका. हळूच या.”

त्यानंतर चादरीची सळसळ झाली, आणि कितीतरी वेळ नुसता तिच्या, त्या दुसरीच्या, श्वासाचा आवाज येत राहिला. काकांचा येत नव्हता.

काकूंनी दोन्ही फोन बंद केले. कानातल्या डुलाच्या टोकाने आपलं सिम बाहेर काढलं आणि एका वाटीत टाकून वर झाकण ठेवलं. त्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी शेजारणीच्या फोनवरून त्यांनी लेकीला सांगितलं, “आज काम झालं की इकडे ये. मला हा नंबर नको.”

“अगं, पण झालं काय?”

“आल्यावर सांगते. फोनवर नको.”

“बरं. येते संध्याकाळी. आणि आई, जरा पड तू. आवाज किती दमलेला येतोय.”

दिवस ढकलायचा म्हणून काकूंनी कपाटं आवरली. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. भात केला आणि दोन घास कसेबसे खाल्ले. मग ऊन सरकत सरकत भिंतीवरच्या त्या चट्ट्यापर्यंत आलं आणि दुपार झाली. पापण्या जड झाल्या. आडवं व्हायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्या मागच्या खोलीत पलंगाच्या कडेवर ताठ बसून राहिल्या.

नवा फोन उशीजवळ होता. त्यात सिम नव्हतं आणि तो बंद होता. तो वाजायला लागला.

पडद्यावर नाव नव्हतं. नुसता नंबर होता. काल त्यांनी इतक्यांदा वाचला होता की आता तो पाठ झाला होता. दवाखान्यातल्या मुलीने विचारला असता तर त्यांनी धडाधड सांगितला असता.

वाजू दे, काकू मनात म्हणाल्या. आपोआप थांबेल. तो थांबला नाही. त्यांना त्या आवाजाची भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे इतका वेळ वाजणारं काहीतरी ऐकत राहायची त्यांच्यात ताकद नव्हती. त्यांनी फोन कानाला लावला.

“काय हवंय तुला?” त्यांनी विचारलं.

पलीकडून त्यांच्याच आवाजात, पण त्या स्वतःशी कधी बोलल्या नव्हत्या इतक्या मायेने कोणीतरी म्हणालं, “मला काही नको गं. पाय वर घे आधी. सुजलेत बघ.”

काकूंनी खाली पाहिलं. पाय सुजले होते.

“लेक यायचीय माझी,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी…”

“येऊ दे ना. मी आहे. मी दार उघडेन, चहा टाकेन. तिला कळायचंसुद्धा नाही. तू नीज.”

काकूंना ओरडायचं होतं. उठून, दार उघडून, शेजारणीला हाक मारायची होती. पण तोवर पाय वर घेतले गेले होते, डोकं उशीला टेकलं होतं, आणि इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी. फोन कधी बंद झाला ते त्यांना कळलं नाही.

एवढंच कळलं की मागच्या खोलीचं दार कोणीतरी बाहेरून ओढून घेतंय. अगदी हलक्या हाताने, कडीचा आवाज न करता. आत झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून काकू स्वतः ओढून घ्यायच्या, तसं.