खंदकातला आवाज

जेरेड, दार ओढून घे आधी. आणि शेगडीत एक ओंडका टाक. नुसता चिलीचा रस्सा गिळत बसलायस मघापासून.

दुपारी मी चालत टार्गेटांखालच्या खंदकापर्यंत गेलो, आत वाकून माणसं डोळ्यांनी बघितली आणि तसाच चालत परत आलो, तेव्हा तुमच्यातले तिघंचौघं फिदीफिदी हसत होते. हा शहाणा तर म्हणाला, "मर्लकाका, गुडघा कुरकुरतोय तुमचा. वॉकीटॉकी काय पूजेला ठेवलीय?" तेव्हा मी गप्प बसलो. रायफली भरायची वेळ असली की मी कुणाशी भांडत नाही. आता सांगतो. उद्याही मी चालतच जाणार, आणि ज्याला घाई असेल त्याने आपली रायफल गाडीत टाकून सरळ बिलिंग्जचा रस्ता धरावा. माझ्या नेमबाजीच्या शिबिरात वॉकीटॉकीच्या शब्दावर गोळी सुटत नाही.

का, ते ऐका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

अर्व्हिन क्रोग म्हणून माझा एक दोस्त. अख्ख्या मोंटानात त्याच्याइतका तिरसट माणूस नव्हता, मला धरून. त्याची नेमबाजीची रेंज इथून उत्तरेला, मिसूरी नदीच्या घळींकडे. डांबर संपलं की तासभर नुसती खडी, मग गुरांचं फाटक, मग सेजची झुडपं आणि वारा. दर ऑक्टोबरात तो असंच शनिवार-रविवारचं शिबिर घ्यायचा. हरणांचा हंगाम उघडायच्या आधी लोकांचा हात बसावा म्हणून. रेंज त्याने जुन्या क्लबकडून विकत घेतली होती. मागे फायरिंगची जागा, समोर दोनशे यार्डांवर टार्गेटं, आणि टार्गेटांच्या पायाशी पुरुषभर खोल खंदक. खंदकात माणूस बसतो, वरून गोळ्या जातात, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. तो गोळी कुठे लागली ते कळवतो. फक्त तो खाली उतरलाय याची खात्री हवी. एवढंच. सगळी गोम एवढ्यातच आहे.

त्या खंदकात क्लबच्या काळी यॉस्ट नावाचा माणूस असायचा. नासका होता. ज्याच्यावर खार असेल त्याची गोळी मधोमध लागली तरी हा लाल झेंडी हलवणार. चुकली म्हणून! आणि खालून खदाखदा हसणार. लोक दात-ओठ खायचे. एका संध्याकाळी यॉस्ट अजून वर, टार्गेटांपाशी होता आणि एक गोळी सुटली. कुणाची? आडवे पडून नेम धरणारे सगळे म्हणाले, माझी नाही. पोलीस आले, अपघात म्हणाले, गेले. त्याच्या मातीला लोक आले ते कॉफी प्यायला आणि ॲपल पाय खायला. एकाच्याही डोळ्याला पाणी नव्हतं. हे अर्व्हिनला रेंज घेताना माहीत होतं. तो म्हणायचा, "मेलेल्या माणसामुळे जमीन स्वस्त मिळते, मर्ल."

आता ती रात्र. दोन वर्षांमागची, ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. चंद्र नव्हता. अर्व्हिन शनिवारी शेवटचा धडा मुद्दाम दिवेलागणीला ठेवायचा. सूर्य बुडाल्यावर अर्धा तास शिकारीला कायद्याने मुभा असते, आणि माणसं हरीण समजून माणूस मारतात ते त्याच अर्ध्या तासात. टार्गेटांखाली कंदील ठेवायचे आणि आपल्याला काय काय दिसत नाही ते प्रत्येकाने शिकायचं. धडा चांगला होता. कंदील मात्र त्याच्या बापाच्या वेळचे, रॉकेलचे. कंजूस मेला!

कंदील लावायला गेली त्याची बायको, नेडीन. ते तिचं नेहमीचं काम. कंदील लावायचे, खंदकात उतरायचं, वॉकीटॉकीवर "खाली आहे" म्हणून कळवायचं. पण त्या दिवशी दोघांचं वाजलं होतं. दुपारी जेवताना ती सहज म्हणाली, "हे शेवटचं शिबिर, हं. स्पोकेनला पोरीच्या शेजारचं घर मी बघून ठेवलंय." सगळ्यांसमोर. अर्व्हिनने चमचा आपटला.

"जा की मग! धरून कुणी ठेवलंय तुला? कंदील लावायला मला दहा जण मिळतील."

"दहा कशाला, एक शोधून दाखव."

"या वयात पोरीच्या दारात जाऊन बसायची हौस आलीय म्हातारीला!"

शिबिराची माणसं ताटात बघत राहिली. नेडीन उठली, भांडी घासली आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. अर्व्हिनने मला नंतर सांगितलं, मर्ल, तोंडातून निघाल्या निघाल्या मला लाज वाटली होती. पण माफी मागणं त्याला जन्मात जमलं नाही. सकाळी मागू, म्हणाला. सकाळी.

तर नेडीन कंदील घेऊन गेली. सूर्य बुडाला. वारा पाठीवर होता, फायरिंगच्या जागेकडून टार्गेटांकडे वाहणारा. एकेक कंदील पेटलेला दिसला. थोड्या वेळाने वॉकीटॉकी खरखरली.

"खाली आहे. मारा."

नेडीनचा आवाज. तुसडा. रागावलीय, अर्व्हिनला वाटलं. वाटणारच.

"पूर्ण खाली?"

"एकदा सांगितलं ना? मारा."

त्याने माणसांना आडवं व्हायला सांगितलं. गोळ्या भरल्या गेल्या. आता त्या ओळीत एक शाळामास्तरीण होती, माइल्स सिटीची. आयुष्यात पहिल्यांदा रायफल हातात घेतलेली. ती रायफलीवरच्या दुर्बिणीतून बघत होती आणि एकदम ओरडली, "थांबा!"

थांबा म्हटलं की थांबायचं. कुणीही म्हणो. रायफली उघडून रिकाम्या केल्या, सगळे मागे सरले.

"काय झालं, बाई?" अर्व्हिन वैतागून म्हणाला.

"कंदिलासमोरून काहीतरी गेलं. काळं."

अर्व्हिनने बटण दाबलं. "नेडीन, वर काही आहे का?"

"हरीण आहे. मारा तुम्ही."

एक रँचवाला म्हणाला, "हरीण असेल तर मला चालेल, परवाना खिशात आहे." सगळे हसले. अर्व्हिन हसला नाही. तुम्हाला कळलं का? नाही कळलं? अरे, खंदकात उतरलेल्या माणसाला डोक्यावरचं आभाळ सोडून काही दिसत नाही. चारी बाजूंनी माती. मग हिला हरीण दिसलं कुठून?

त्याने मदतनीस पोरीला हाक मारली. टेस तिचं नाव, चांगली शिकवायची. तिच्याकडेही एक वॉकीटॉकी होती. "मी बघून येतो. मी सांगेपर्यंत एकाचाही हात रायफलीला लागता कामा नये."

ऐकलंत ना? मी सांगेपर्यंत.

तो निघाला. पायाखाली गवत, पाठीवर वारा. अर्ध्या वाटेत त्याने पुन्हा विचारलं, "नेडीन, नक्की कुठे आहेस?"

"खाली."

"वर ये जरा."

"तू ये."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. इतका वारा सुटलेला. वॉकीटॉकीत नेहमी वारा घोंघावतो, बोलणं नीट कळत नाही. या आवाजामागे वारा नव्हता. काहीच नव्हतं. झाकण लावलेल्या पेटीतून कुणी बोलावं तसा.

तो भराभर चालायला लागला. आणि त्याला ती दिसली.

खंदकात नाही. वर. चौथ्या टार्गेटासमोर, गुडघे टेकून, फायरिंगच्या जागेकडे पाठ करून. एक काडी ओढायची, वात पेटवायची, काच खाली करायची... की कंदील विझायचा. पुन्हा काडी. पुन्हा विझला. शेजारचे कंदील त्याच वाऱ्यात शांत जळत होते. हा एकच पेटत नव्हता.

"नेडीन!"

तिने वळून बघितलं. "अरे, येतोस कशाला? तूच म्हणालास ना मघाशी वॉकीटॉकीवर, सावकाश लाव, आम्ही थांबलोय?"

"मी... कधी म्हणालो?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मध्ये वीसेक पावलं असतील.

आणि त्याच्या हातातली वॉकीटॉकी बोलली.

अर्व्हिनच्या आवाजात.

"टेस, झोपलीस का? मी खंदकात उतरलोय. नेडीन इथेच आहे माझ्याजवळ. अंधार पडतोय, उरकून घ्या."

तो स्वतःचा आवाज ऐकत उभा होता. तोच तिरसटपणा. "झोपलीस का" म्हणायची तीच खोड. त्याने बटण दाबलं. ओरडला. बोलताना लागणारा दिवा लागला नाही. बटण नुसतं आत गेलं... आणि आतच राहिलं.

"हो सर." टेसचा आवाज. "सगळे तयार?"

"थांबा!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. वारा समोरून. शब्द त्याच्याच तोंडावर परत आले. पलीकडची कुजबुज मात्र त्याला ऐकू येत होती. खटके. एकामागून एक. गोळ्या भरल्याचे.

तो नेडीनकडे पळाला. सत्तरीचा माणूस, पोरांनो. पळाला.

"नेम धरा," त्याचाच आवाज म्हणाला.

दहा पावलं.

"नेडीन, खाली पड! खाली—"

ती उठून उभी राहिली होती. गोंधळली होती बिचारी. नवरा ओरडत धावत येतोय म्हटल्यावर कुणीही उठेल.

"मारा."

...

तो तिच्यावर झेपावला. धक्क्याने ती पाठमोरी फिरली आणि दोघं खंदकात कोसळली. वरून गोळ्या गेल्या. कानाचे पडदे फाटतील असा आवाज. माती उडाली. मग पुन्हा. मग थांबलं.

खंदकात काळोख. दोघं एकमेकांना घट्ट धरून. तो तिचं डोकं, हात, खांदे चाचपत होता. "लागलं? लागलं का तुला कुठे? बोल ना गं."

"नाही. कोपर सोललंय बहुतेक."

तो रडायला लागला. अर्व्हिन क्रोग! "चुकलो," म्हणाला. "दुपारी... मी गाढव आहे. जाऊ आपण स्पोकेनला. उद्याच जाऊ."

तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

खंदकाच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी खरखरलं. त्याची वॉकीटॉकी वर गवतात पडली होती. नेडीनची कंदिलापाशी राहिली होती. खंदकात वॉकीटॉकी नव्हती.

"एक लागली," तिथून आवाज आला.

अर्व्हिनचा नाही. नेडीनचा नाही.

"मधोमध."

आणि मग कुणीतरी हसलं.

पुढचं सगळं फायरिंगच्या जागेवर झालं. अर्व्हिनने टेसची कॉलर धरली, मारायलाच निघाला होता. ती मागे सरत म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलंत. देवाशप्पथ. सगळ्यांनी ऐकलं." आणि खरंच, एकूण एक माणूस तेच म्हणाला. रँचवाल्याने तर अर्व्हिनच्या तोंडावर सांगितलं, "म्हातारचळ लागलाय तुला. बायकोला मारायचं होतं तर आमच्या हातून कशाला?" त्यावरून हाणामारी झाली. अर्व्हिनचा ओठ फुटला. रात्रीच सगळे गाड्या काढून निघून गेले. निरोप घ्यायला थांबली ती फक्त मास्तरीण. तिने नेडीनला मिठी मारली, आणि मारताना तिचा हात नेडीनच्या पाठीवर अडखळला.

"अहो," ती म्हणाली, "कोट फाटलाय तुमचा."

ती गेल्यावर अर्व्हिनने स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि नेडीनला पाठमोरी उभी केली. कोटाला भोक होतं. दोन्ही खांद्यांच्या मधोमध. करंगळी जाईल एवढं, कडा करपलेल्या. त्याने कोट उतरवला. आतल्या स्वेटरला भोक. त्याच जागी. स्वेटर काढला. शर्टाला भोक. रक्ताचा एक थेंब नाही.

"दुखतंय?"

"नाही. काय आहे रे? बोल ना."

त्याने शर्ट वर केला.

टार्गेटाला भोक पडलं की खंदकातला माणूस त्यावर कागदाचा तुकडा चिकटवतो, पुढच्या गोळीसाठी टार्गेट पुन्हा कोरं व्हावं म्हणून. तुम्ही आज दिवसभर तेच केलंत. आपण तयार चिकटणारे गोल लावतो. क्लबच्या काळी पिवळट कागदाचे चौकोन असायचे, पिठाच्या खळीने लावायचे.

नेडीनच्या उघड्या पाठीवर तसा एक चौकोन होता. नीट, सरळ लावलेला. अंगठ्याने दाबून बसवलेला.

अर्व्हिनने एक कोपरा नखाने उचलायला हात नेला. तिने मागे हात घालून त्याचं मनगट पकडलं. इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ उठले होते.

"नको," ती म्हणाली. "काढू नकोस तो."

"अगं, कागद आहे नुसता..."

"अर्व्हिन. मला आत गार लागतंय. काढू नकोस."

...

ती दोघं स्पोकेनला आहेत आता. मागच्या वसंतात मी गेलो होतो. नेडीन बरी आहे, नातवंडांच्या मागे पळते, ॲपल पाय चांगला करते. डॉक्टरकडे जात नाही. पाठ कुणाला दाखवत नाही. रात्री ती आत गेल्यावर अर्व्हिन माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मर्ल, दीड वर्ष होत आलं. रोज आंघोळ करते ती. तरी कागद सुटत नाही."

मी म्हटलं, "वाळून घट्ट बसला असेल."

त्याने नेडीन गेली त्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

"वाळला नाही रे," तो म्हणाला. "खळ अजून ओली आहे."